आधी आपला आकडा

नागपूरचा हिवाळा मला पहिल्यांदा ओठांवर कळतो. सकाळी कुणाकडे बघून हसायला जावं तर खालचा ओठ ताणला जातो, आणि मी मनात म्हणते, आला. मग पेटीतल्या रजया गच्चीवर जातात आणि त्यांच्या मागोमाग मी. हुडकेश्वरला आमचं घर झालं तेव्हा मागे तुरीचं शेत होतं. आता तिथे ले-आउट पडला आहे, आणि ले-आउटवाल्यांनी एका कोपऱ्यात निळंशार, गुळगुळीत टेनिस कोर्ट बांधलं आहे. दुपार कलली की दोन मुली तिथे खेळायला येतात. मी गच्चीवर उन्हाला पाठ देऊन तुरीच्या ओल्या शेंगा सोलत असते. खालून चेंडूचा ठप्प, ठप्प आवाज येत राहतो. दाणे सुपात पडतात, पाठ शेकत राहते, आणि मध्येच डोळा लागतो.

परवा त्यातली एक मुलगी सर्व्ह करायच्या आधी खणखणीत आवाजात म्हणाली, "थर्टी-फिफ्टीन." तीस तिचे, पंधरा समोरचीचे. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. इतकं सोपं असतं ते. आपला आकडा आधी सांगायचा, समोरच्याचा नंतर, आणि चेंडू वर उडवायचा. एवढं शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला होता.

तो हिवाळा सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा. माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राच्या वासातलं. तिथे थंडी म्हणजे पहाटे आईचं जुनं लुगडं अंगावर ओढून घेण्याइतकी. लग्न होऊन नागपुरात आले त्या पहिल्या डिसेंबरात एका पहाटे मी घोंगडी झटकली आणि तिच्यातून बारीक ठिणग्या उडाल्या. मी घाबरून यांना उठवलं. हे कूस बदलत म्हणाले, "हवा कोरडी आहे. झोप." कोरडी हवा म्हणजे काय हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे बरणीतलं मीठसुद्धा कोरडं राहत नाही.

हे एका सरकारी ऑफिसात नकाशे काढायच्या कामावर होते. ऑफिसच्या मागेच कॉलनी, चाळीसारख्या दोन लांब लाईनी, प्रत्येक क्वार्टरपुढे एक कडुनिंब. सकाळी सगळे कामावर गेले की दुपार अंगावर यायची. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं, कुणीतरी आहे. मला इथे कुणी वाईट वागवत होतं असं मुळीच नाही. उलट सगळे चांगले होते, आणि त्याचंच मला दडपण यायचं. वाण्याने दोन पावलं पुढे येऊन पिशवी हातात दिली तरी वाटायचं, याचं आपण काय लागतो.

आणि शाळा. मी आठवीत असताना आई अंथरुणाला लागली आणि माझी शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही. एक दिवस गेले नाही, दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि मग न जाणं हेच चालू झालं. धाकटी भावंडं होती, चूल होती. पण तेव्हापासून एक सवय लागली. चारचौघांत बोलायची वेळ आली की आवाज आपोआप खाली जायचा. चुकलंच, तर ते फार लांबवर चुकायला नको.

आमच्या शेजारी कुसुमताई. उमरेडच्या कोष्ट्यांची लेक, घरात माग, पण हिने टेलिफोन एक्स्चेंजची नोकरी धरलेली. दिवसभर कानाला यंत्र लावून बोलायचं काम, त्यामुळे घरी आली तरी ती सदर बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. एका दुपारी पाळी संपवून ती खिडकीशी उभी राहिली.

"काय करून राहिली वं?"

"गहू निवडतेय."

"गहू काही पळून नाही जाऊन राहिले. चाल. चौथी बाई पायजे."

"कशाला?"

"टेनिसले. चार बायांशिवाय जोड्या होत नाहीत. पाटलाची सून माहेरी गेली."

"मला नाही येत, कुसुमताई."

"कोणाले येते? घाटेबाईले येते. बाकी आपण चेंडू आणायले."

मी पदर खोचला आणि निघाले. आज मागे वळून बघताना हे मला फार मोठं वाटतं. त्या गावात मला पहिल्यांदा कुणी बोलावलं ते माझ्या गुणांसाठी नव्हे, चौथी हवी होती म्हणून. गुणांसाठी बोलावलं असतं तर मी गेलेच नसते.

कोर्ट ऑफिसच्या क्लबामागे होतं, इंग्रजांच्या वेळचं. आजच्या कोर्टासारखं रंगीत नव्हे. माती आणि शेणाने सारवलेलं, दर आठवड्याला पुन्हा सारवायचे, आणि त्यावर चुन्याच्या रेघा. तो वास आला आणि माझी भीती निम्मी गेली. परक्या देशात आपल्या अंगणात पाय पडावा तसं झालं. फक्त या अंगणात मधोमध जाळी बांधलेली होती आणि कॅनव्हासचे बूट घातल्याशिवाय त्यात उतरायचं नाही असा नियम होता.

तो नियम घाटेबाईंचा. या मोठ्या साहेबांच्या पत्नी, पन्नाशीच्या पुढच्या. नागपुरातच सिव्हिल लाइन्समध्ये वाढलेल्या. वडील वकील, त्यांनीच बाईंच्या हातात लहानपणी रॅकेट दिली. पांढरं पातळ, डोक्यावर साहेबांची टोपी, आणि चेहऱ्यावर शाळा तपासायला आलेल्या माणसाचा भाव. कॉलनीतली बालवाडीही त्याच चालवायच्या. त्यांच्या जोडीला डॉक्टरांच्या बायको शीलाताई असायच्या. त्या छान खेळायच्या आणि जवळजवळ बोलायच्याच नाहीत.

पहिल्याच दिवशी, खेळून झाल्यावर, कुसुमताईने माझ्या वतीने बोलून टाकलं. बालवाडीतल्या एका बाईंच्या यजमानांची जबलपूरला बदली झाली होती, फेब्रुवारीपासून जागा रिकामी होणार होती.

"हिले ठेवा ना, बाई. पोरांचं भारी येड आहे हिले."

घाटेबाई माझ्याकडे वळल्या. "किती शिकलीस?"

"आठवी."

"काय?"

"आठवी," मी पुन्हा म्हणाले.

"आठवी चालेल. पाच वर्षांच्या मुलांना कुठे मॅट्रिकला बसवायचं आहे? पण देखो, तुझा आवाज मला जाळीपलीकडे येत नाही. मुलांच्या मागच्या ओळीला कसा जाणार? जानेवारी संपेपर्यंत बघू."

जानेवारी संपेपर्यंत बघू. घरी येऊन मी गहू पुन्हा समोर घेतले आणि तेच वाक्य निवडत बसले. ती जागा मला किती हवी होती ते मी यांनाही सांगितलं नाही. सकाळी या गावात कुणीतरी आपली वाट बघत असावं, आपण आलो नाही तर त्यांचं अडावं, एवढीच इच्छा. पण ती तोंडाने बोलून दाखवली तर हातची जाईल असं वाटायचं. म्हणून मी टेनिसचीच परीक्षा करून टाकली. आयुष्यात न दिलेली मॅट्रिक त्या सारवलेल्या अंगणात द्यायची, असं काहीतरी.

आणि नियम मला आवडू लागले. त्यांना माझी इयत्ता माहीत नव्हती. रेघेला चेंडू नुसता चाटून गेला तरी तो आत. सर्व्ह एकदा चुकली तर दुसरी संधी मिळते, आणि ती द्यायला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. सर्व्हचा चेंडू जाळीला शिवून बरोबर जागी पडला तर काही घडलंच नाही असं समजायचं आणि पुन्हा खेळायचं. काही घडलंच नाही असं म्हणण्याची सोय मी दुसरीकडे कुठेच बघितली नव्हती.

मग रीती. त्या नियमांहून बारीक. दुसऱ्यांचा खेळ चालू असताना त्यांच्या मागून जायचं नाही, पॉइंट संपेपर्यंत कडेला थांबायचं. समोरची सर्व्ह करत असताना बोलायचं नाही. चेंडू परत देताना तिच्या हाती सहज येईल असा द्यायचा. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं; समोरच्यांनी मान्य करायचं. आणि नीट दिसलं नसेल तर?

"तर तो आत," घाटेबाई म्हणाल्या. "शंका आली की पॉइंट त्यांचा. आपल्याला शंका आहे हे त्यांना सांगायचंसुद्धा नाही."

मी लगेच मान डोलावली. हे मला शिकवायला नकोच होतं. शंका आपल्याकडे, पॉइंट त्यांच्याकडे, हाच माझा जन्मभराचा हिशेब. मी इतक्या आनंदाने चेंडू आत देऊ लागले की कुसुमताई वैतागली.

"काहून आत म्हटलं वं? हातभर बाहेर होता तो."

"मला शंका आली."

"तुले कधी येत नाही शंका? जेवताना येते काय, घास तोंडात पडला का कानात?"

शीलाताईसुद्धा हसल्या. मी ओशाळले, पण आतून हलकं वाटलं. थट्टा होते आहे म्हणजे आपल्याला मोजतात.

एका गोष्टीशी मात्र माझं जमेना. पॉइंट पंधरा, तीस, चाळीस असे मोजतात, चाळीसनंतरचा पॉइंट घेतला की गेम; पण शून्याला लव्ह म्हणतात. मैदानाच्या कडेला कधी ऑफिसातली माणसं उभी असायची, त्यांच्यात हेही असायचे, आणि नवी लग्न झालेली बाई तिथे मोठ्याने लव्ह म्हणणार? मी "काही नाही" म्हणायची. फिफ्टीन-काही नाही. घाटेबाईंनी एकदा ऐकलं, भुवई वर केली आणि सोडून दिलं. तशीही आकडे सांगायची वेळ माझ्यावर क्वचितच यायची. सर्व्ह करणारीने स्कोअर सांगायचा अशी रीत, पण घाटेबाईंना इतकी सवय होती की कुणाचीही सर्व्ह असो, त्याच पलीकडून बोलून टाकायच्या. मी आपली त्यांच्या आवाजाखाली ओठ हलवायची. म्हणून माझं काय चुकतं आहे ते कुणाच्या कानावर गेलंच नाही. माझ्याही नाही.

संक्रांत आली, गेली. हळदीकुंकवाला मी क्वार्टरा-क्वार्टरांतून फिरले आणि पहिल्यांदा जाणवलं, दारं ओळखीची झाली होती. "टेनिसवाली ना तू?" एक म्हातारी मला म्हणाली. मला दारावर नावाची पाटी मिळाल्यासारखं झालं. घरी येताना मी रस्त्यात हसत होते आणि ओठ फुटला.

सव्वीस जानेवारीला कॉलनीत झेंडावंदन, दुपारी खेळ. पोत्यातली शर्यत, लिंबू-चमचा, आणि शेवटी बायकांची टेनिसची जोडी: घाटेबाई आणि शीलाताई एकीकडे, कुसुमताई आणि मी दुसरीकडे. एकच सेट. सहा गेम आधी जिंकेल ती जोडी जिंकली. मैदानाभोवती सगळी कॉलनी. साहेब खुर्चीत, हे मागच्या गर्दीत. कडुनिंबाला भोंगा बांधलेला, त्यातून देशभक्तीची गाणी. बक्षिसांच्या टेबलावर स्टीलचे डबे उन्हात चमकत होते, आणि घाटेबाईंचा एक डोळा त्या टेबलावर, मुलं हात लावतात म्हणून. सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं, "आज मी आकडे ओरडणार नाही. लोक बघतायत. जिची सर्व्ह तिने सांगायचं, रीतसर."

आम्ही बऱ्या खेळलो. कुसुमताई जाळीशी उभी राहून येईल तो चेंडू मागावरच्या धोट्यासारखा परत भिरकावायची. त्यांचे पाच गेम झाले, आमचे चार, आणि सर्व्ह माझी आली. हा गेम गेला तर सामना गेला. मी चेंडू घेऊन रेघेमागे गेले.

पहिला पॉइंट मीच घालवला, दोन्ही सर्व्ह जाळीत. दुसऱ्याला शीलाताईंचा चेंडू जाळीत अडकला. तिसरा कुसुमताईने जाळीशी असा मारला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्याला घाटेबाईंचा उंच चेंडू मागच्या रेघेच्या पलीकडे पडला. मला शंका आली नाही, मी बाहेर म्हटलं. प्रत्येक वेळी मी रीतीप्रमाणे आकडा सांगितला. पाचवा घाटेबाईंनी कुसुमताईच्या बाजूने सुंदर काढला, आम्ही दोघी बघत राहिलो.

आणि घाटेबाई रॅकेट डाव्या हातात घेऊन, उजवा हात पुढे करत जाळीकडे आल्या.

खेळ संपला की जाळीशी येऊन हात मिळवायचा, ही सगळ्यात पहिली शिकवलेली रीत. त्या हिवाळ्यापर्यंत मी कुणाशी हात मिळवला नव्हता; नमस्कार करायचा, नाहीतर पाया पडायचं. त्यामुळे पुढे आलेला हात टाळायचा कसा हे मला ठाऊकच नव्हतं. मी गेले, हात हातात घेतला, आणि "अभिनंदन" असंही म्हणाले. टाळ्या वाजल्या. साहेब खुर्चीतून उठले.

"कायचं अभिनंदन वं?" कुसुमताई माझ्या मागे येऊन उभी होती. "चाळीस-तीस झाले. एक पॉइंट घेतला तर गेम आपला आहे. तू कायले हात देऊन राहिली?"

घाटेबाईंचा हात माझ्या हातातच होता. "चाळीस आमचे होते ना?" त्या म्हणाल्या. "हिनेच सांगितलं, फिफ्टीन-फॉर्टी. मला वाटलं मधला एखादा पॉइंट माझ्या ध्यानातून गेला. सर्व्ह करणारी सांगते ते खरं मानायचं." मग माझ्याकडे वळून, "काय सांगितलं होतंस?"

"फिफ्टीन-फॉर्टी."

"मग?"

माझ्या डोळ्यांसमोर बालवाडीचं दार आलं, निळ्या रंगाचं. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्यांनी हात पुढे केला होता, मी घेतला होता, त्या मोठ्या होत्या, जिंकल्या म्हणून खूश होत्या. आणि महिन्याअखेरी माझं काय करायचं ते त्याच ठरवणार होत्या. दुसऱ्याच्या बाजूचं खरं बोलताना मला कधी जड गेलं नव्हतं. पण चाळीस माझे आहेत, असं एवढ्या लोकांपुढे म्हणायचं? हावरेपणा दिसला तर? शेजारी मात्र कुसुमताई उभी होती, घाम पुसत, आणि तिने मारलेला तो तिसरा पॉइंट मी माझ्या संकोचापायी वाटून टाकत होते. संकोच माझा, चेंडू तिचा.

"चाळीस आमचे होते," मी म्हणाले. "मी पंधरा आधी म्हटलं, कारण ते तुमचे."

"आमचे आधी? का?"

"दुसऱ्यांचं आधी घ्यायचं असतं ना. आपलं नंतर. घरी तसंच शिकवलं. नाव सांगतानाही आपलं शेवटी."

मग शीलाताई, ज्या कधी बोलत नसत, म्हणाल्या, "म्हणजे ही महिनाभर आपल्याला आदराने आकडे सांगते आहे." आणि त्या पोट धरून हसायला लागल्या. मागे कुसुमताई हसता हसता जाळीला लटकली.

घाटेबाई हसल्या नाहीत. "स्कोअर सांगणं म्हणजे पंगतीत वाढणं नाही, सुलभा," त्या म्हणाल्या. "आधी सर्व्ह करणारीचा आकडा, मग तो शून्य असो की चाळीस. त्यात मान नाही, अपमान नाही. सगळ्यांना एकच कळावं म्हणून तो क्रम. तू नम्रपणे सांगितलंस, आणि मी चुकीचं समजले."

हे मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पुढे कितीतरी वर्षं ते माझ्या आत उलगडत राहिलं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या मोजण्यापेक्षा जास्त. आणि माझ्या चांगुलपणाने त्यांना खोट्या विजयापर्यंत आणून सोडलं होतं. आपण मागे राहिलो म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही, अशी माझी समजूत होती. मागे राहणाऱ्या माणसामुळेही समोरचा रस्ता चुकतो, हे मला त्या जाळीपाशी कळलं.

"आता काय करायचं?" साहेबांनी खुर्चीतून विचारलं.

"आमच्या घरी मागावर धागा तुटला तर तसाच ओढत नाही पुढं," कुसुमताई म्हणाली. "मागं जातो, तुटला तिथं."

"टेनिसमध्येही तेच," घाटेबाई म्हणाल्या. "सगळ्यांना पटेल तिथपर्यंत मागे जायचं. सांग सुलभा, पहिल्यापासून."

चौघी जाळीला हात टेकून उभ्या राहिलो, विहिरीवर बायका उभ्या राहतात तशा. मी सांगू लागले. पहिला माझ्या चुकीने गेला, तो तुमचा. दुसरा शीलाताईंचा जाळीत, तो आमचा. तिसरा कुसुमताईंनी तुमच्या दोघींच्या मधून काढला. इथे शीलाताईंनी मान हलवली. चौथा तुमचा उंच चेंडू, तो बाहेर. खूण अजून असेल. घाटेबाई जाळीला वळसा घालून आमच्या बाजूला आल्या, रेघेमागे सारवणावर उठलेला गोल डाग वाकून बघितला आणि म्हणाल्या, "बाहेर." पाचवा तुमचा, फार सुंदर. सांगता सांगता मध्येच मला काहीतरी वेगळं जाणवलं. भोंगेवाल्याने रेकॉर्ड बदलायला गाणं थांबवलं होतं. मैदानभर माझा एकटीचा आवाज फिरत होता, आणि तो कापत नव्हता. मागच्या गर्दीत यांनी मान उंच केलेली मला दिसली.

"म्हणजे?" घाटेबाई म्हणाल्या.

"फॉर्टी-थर्टी."

"रेघेवर जाऊन सांग. सर्व्ह करणारी जाळीशी उभी राहून सांगत नाही."

मी मागे गेले, चेंडू घेतला. "फॉर्टी-थर्टी."

"ऐकू नाही आलं."

"फॉर्टी-थर्टी," मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि मागच्या लाईनीतल्या कुणाचा तरी कुत्रा भुंकला. लोक हसले. मीही हसले, आणि तशीच सर्व्ह केली. ती आत पडली. शीलाताईंनी परत केलेला चेंडू जाळीच्या पट्टीवर आदळला, उडाला, आणि त्यांच्याच बाजूला पडला. गेम आमचा. पाच-पाच.

पुढचा गेम आम्ही हरलो. हे सांगायला मला मुळीच वाईट वाटत नाही. त्या चांगल्या खेळत होत्या आणि आम्ही बऱ्या. आपण रीतसर हरलो यात जो आराम आहे तो खोट्या आदराने हरण्यात नाही. घाटेबाई पुन्हा जाळीशी आल्या, पुन्हा हात पुढे केला. या वेळी तो घेताना मला काही ठरवावं लागलं नाही.

हात न सोडता त्या म्हणाल्या, "बालवाडीत येशील? एक तारखेपासून. मुलं गलका करतात, आत्ता तिसऱ्यांदा बोललीस तेवढ्या आवाजात बोलावं लागेल."

आणि मी काय केलं? सवयीने म्हणाले, "कुसुमताईंना आधी विचारा. त्यांना नको असेल तर मग मी."

"मले कायले?" कुसुमताई मागून म्हणाली. "मी टेलिफोनात आहे ना वं. माह्या नावावर नको सरकवू. तुले विचारलं, तू सांग."

घाटेबाई थांबल्या होत्या. घाई करत नव्हत्या. समोरची सर्व्ह करते तेव्हा थांबतात, तशा.

"येईन," मी म्हणाले.

घरी येताना ऊन तिरपं झालं होतं. यांच्या हातात आमचा दुसऱ्या बक्षिसाचा स्टीलचा डबा. पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर मी म्हणाले, "मला बालवाडीत घेतलं." हे थांबले. "तुला जायचं होतं?" म्हणाले, "कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "आज बोलले." मग दोघं चालू लागलो. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि ठिणग्यांच्या घोंगडीत गाढ झोपले.

पुढे बालवाडीत मी खूप वर्षं होते. त्या मुलांची मुलंसुद्धा माझ्या हाताखालून गेली. पण मला आठवतो तो पहिला दिवस. निळं दार, आत ओळीने ठेवलेल्या चपला, आणि इतका गोंगाट की मला माझा श्वास ऐकू येईना. मी सांगितलं, माझं नाव सुलभा, आता तुमची सांगा. एकेक जण उठून नाव सांगू लागला. मागच्या ओळीतली एक मुलगी, केसांना तेल चोपडलेली, आपलं नाव सांगून खाली बसेना. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"मॅडम, तुमी कोठून आल्या?"

समुद्र, बोट, दोन दिवसांची गाडी, एवढं सगळं तोंडाशी आलं होतं. पण ती वाट बघत होती, आणि तिला सरळ उत्तर हवं होतं.

"इथूनच," मी म्हणाले, मागच्या ओळीला ऐकू जाईल असं. "त्या मागच्या लाईनीतून."

"हाव," ती मान डोलावून म्हणाली, आणि खाली बसली.